राखेची वडी आणि अर्धं लिंबू

सातुर्निनोच्या जिभेने आतापर्यंत दोन सुना घालवल्या होत्या. थोरल्याच्या सोयरिकीत त्याने मुलीच्या बापाला सांगितलं, की तुमच्या घराची भिंत तुमच्यासारखीच एका अंगाला कलली आहे. मधल्याच्या वेळी मुलीच्या आजीची गोल टोपी त्याच्या तोंडी सापडली. दोन्ही वेळा आपण खरंच बोललो, हे तो अजून शपथेवर सांगतो. भिंत कललेली होती आणि टोपी आजीच्या डोक्याला पुरत नव्हती. पण या खरेपणाचं पुण्य जमा कुठे करायचं, बिनलग्नाच्या दोन पोरांच्या नावावर का, असं त्याची बायको फिलोमेना विचारी. 

आता धाकटा उरला होता, ग्रोवर. त्याने बापाला मिनीबसचं चाक बदलताना गाठून सांगितलं, "बाबा, या वेळी मोडलं तर मी इकीकेला जाणार. बंदरावर पेट्या उचलीन. पत्ता आईला देईन, तुम्हाला नाही."

"मी काय केलंय?"

"अजून काही नाही. म्हणून तर आत्ता सांगतोय."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्याने बॅग पलंगाखालून काढून पलंगावर ठेवली होती. सातुर्निनोला त्या बॅगेची धास्ती बसली, आणि धास्ती बसली की तो जास्तच बोलायचा. म्हणून युक्ती फिलोमेनालाच काढावी लागली.

"मुलीकडे बोलणी होईपर्यंत कोकाची पानं चघळत बसायची रीत आहे," ती म्हणाली. "दोन्ही गाल भरून ठेवा. भरल्या गालाचा माणूस शहाणा दिसतो."

"मला शिकवतेस? मी खाणीत होतो."

तो खाणीत होता हे खरंच. खाणीच्या तोंडाशी एक खोली होती, तिथे बसून तो आत जाणाऱ्यांना दिवे मोजून देई. आत जाणारे कोका चघळत आणि तो पाव खाई. पुढे मिनीबस घेतली आणि पावावरून भुईमुगाच्या शेंगांवर आला. पण ओरुरो शहरातल्या निम्म्या लोकांना त्याने आपण भुयारात होतो असं सांगितलं होतं, आणि निम्म्या लोकांना सांगितलेली गोष्ट माणूस स्वतःही मानू लागतो.

रविवारी सकाळी तिघं मुलीच्या आईच्या, एन्कार्नाबाईंच्या घरी पोचले. बाई विधवा. बाजारात जांभळ्या मक्याचं आपी नावाचं गरम पेय विकून त्यांनी घर उभं केलं होतं, आणि गिऱ्हाईक ग्लास कसा धरतं यावरून ते उधार मागणार की नाही, हे त्या आधीच ओळखत. शेजारी त्यांचा भाऊ कासियानो, हात गुडघ्यांवर ठेवून. मुलगी नायदा चुलीपाशी पाठमोरी उभी. ढवळायला काही नव्हतं तरी ढवळत होती.

"मुलगा मला पसंत आहे," बाईंनी सुरुवात केली. "मुलाची आई पसंत आहे." मग सातुर्निनोकडे पाहिलं आणि पुढची मोजणी थांबवली. "बसा."

मधे विणलेलं फडकं अंथरलं होतं. पानं मुलाकडची, राख मुलीकडची. किन्वाच्या काड्या जाळून, मळून, वाळवून केलेली काळी वडी. विड्यात चुना तशी पानांत ही राख. नखाएवढी कणी घ्यायची, आणि तीही पानांच्या मधोमध दडवायची, गालाला लागू द्यायची नाही. कासियानोने तशीच घेतली. सातुर्निनोने जांभळाएवढा तुकडा मोडला.

कासियानोने भुवई उंचावली. "एवढी?"

"आम्ही खाणीतली माणसं," सातुर्निनो म्हणाला आणि तुकडा थेट जिभेच्या कडेला ठेवला.

"बघा ताई," कासियानो बहिणीला म्हणाला, "हे जुनं हाड."

ही स्तुती झाली नसती तर त्याने तुकडा हळूच आवरता घेतला असता. पण स्तुती झाली, आणि वर मूठभर पानं कोंबावी लागली.

आधी साबण चाटल्यासारखं लागलं. मग त्या साबणाला कुणी वात लावावी तसं. आंबट जाळतं हे त्याला ठाऊक होतं. बॅटरीचं पाणी एकदा मनगटावर उडालं होतं. पण राख? राख तर जळून मोकळी झालेली असते, ती आणखी कुणाला काय जाळणार? जळून गेलेल्यांचाही कुणावर राग शिल्लक असतो, हे ज्ञान त्याला एन्कार्नाबाईंच्या ओसरीवर मिळालं. आणि थुंकायची सोय नव्हती. घरच्या फडक्यावरचं तोंडात घेतलं, की होकार किंवा नकार मिळेपर्यंत आतच ठेवायचं. त्याआधी थुंकणाऱ्याने टोपी उचलून बाहेर पडायचं.

"आता राहण्याचं," बाई म्हणाल्या. "तुमची वरची खोली रस्त्यावर उघडते ना? ती पोरांना हवी."

ग्रोवरने डोळे मिटले. त्या खोलीत कार्निव्हलचा सैतान राहत होता. म्हणजे सातुर्निनोचा मुखवटा, त्याची शिंगं, पाठीवरचे सर्प आणि भरतकामाचा झगा. वर्षातून एकदा तो ते अंगावर चढवून नाचे, आणि उरलेलं वर्षभर त्या खोलीत फिलोमेनाला झाडू मारायचीही परवानगी नसे. या प्रश्नावर एक भाषण तयार होतं, आणि ते सगळ्या घराला पाठ होतं.

"हूं," सातुर्निनो म्हणाला.

फिलोमेना वळून पाहू लागली.

"आणि बँड आमच्या गल्लीतला," कासियानो म्हणाला.

"हूं."

"लग्नानंतर नायदा बाजारातली जागा सोडणार नाही. घरी बसणार नाही."

"हूं." या हूंबरोबर त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"धाकट्यावर जीव दिसतोय," कासियानो हळूच म्हणाला.

"फार," फिलोमेना म्हणाली. लग्नाच्या एवढ्या वर्षांत तिने नवऱ्याला कशालाच सलग तीनदा होकार देताना पाहिलं नव्हतं, आणि चमत्काराची चौकशी करू नये हे तिला कळत होतं.

मग आपी आलं. काचेच्या ग्लासांत वाफाळतं, पाद्र्याच्या झग्यासारखं गडद जांभळं, दालचिनीच्या वासाचं. सातुर्निनोने ग्लास तोंडाला लावला आणि पानं दातांत दाबून धरून राखेचा उरलेला तुकडा अलगद ग्लासात सोडला. स्वर्गाचं दार निदान किलकिलं झालं. त्याने ग्लास खाली ठेवला आणि आजूबाजूला पाहिलं. कुणी बघत नव्हतं.

बघायचं काम ग्लासच करत होता. तळाशी निळसर रेघ उठली, वर चढली, पसरली. बघता बघता सातुर्निनोचं आपी डबक्यासारखं हिरवट झालं. ताकाला जाऊन भांडं लपवता येतं. इथे ताकानेच बोंब मारली होती.

"सातुर्निनो," बाई म्हणाल्या, "सगळ्यांचं आपी एका पातेल्यातलं. तुमचंच का रुसलं?"

तो ग्लासावर हात ठेवायला गेला.

"हात काढा. माझ्या आपीला असा रंग एकाच गोष्टीने येतो."

कासियानो उठून उभा राहिला. "आमच्या घरची राख थुंकली?"

"पानं आत आहेत," फिलोमेना घाईने म्हणाली. "फक्त राख गेली. हे कधी कोका खात नाहीत हो. खाणीत दिवे वाटायचे. तोंड पोळलंय बिचाऱ्यांचं."

ग्रोवरच्या चेहऱ्यावरून बंदर, पेट्या, सगळं येऊन गेलं. चुलीपाशी ढवळणं थांबलं.

"कधीपासून पोळतंय?" बाईंनी विचारलं.

"पहिल्या घासापासून," फिलोमेना म्हणाली.

"म्हणजे खोलीचं ठरलं तेव्हा?"

"तेव्हाही."

"बँडचं ठरलं तेव्हा?"

"तेव्हा तर फारच."

"आणि हा माणूस एक शब्द बोलला नाही."

"बोलताच येत नव्हतं," फिलोमेनाने खरं ते सांगितलं.

"तेच म्हणते मी," बाई म्हणाल्या. "कासियानो, खाली बस."

त्यांनी लिंबू मागवलं, कापलं, एक अर्धं त्या हिरव्या ग्लासात पिळलं. ग्लास फसफसला, फेस काठावर आला, आणि खालून लाली चढू लागली. आधी जांभळी, मग पार डाळिंबी. "प्या. तोंड निवेल."

तो प्यायला. तोंड खरंच निवलं. जिभेचा शेंडा जाणवू लागला, मग कडा, मग आख्खी जीभ जागच्या जागी मिळाली. सातुर्निनोने पानं एका गालात सारली, पाठ ताठ केली.

"आता तसं बघायला गेलं तर," तो म्हणाला, "त्या वरच्या खोलीला मी हो म्हटलं असं होत नाही. हूं म्हणजे ऐकतोय. आणि बँड म्हणाल, तर तुमच्या गल्लीतला ढोलवाला लग्नात वाजवतो की मयतीत, हे त्याचं त्याला—"

"बाबा," ग्रोवर म्हणाला.

"खरं तेच बोलतोय मी."

एन्कार्नाबाईंनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. रागावल्याही नाहीत. फडक्यावरची काळी वडी उचलली, चांगला अंगठ्याएवढा तुकडा मोडला आणि दोन्ही हातांवर धरून त्याच्यासमोर केला. दोन्ही हातांनी दिलेलं दोन्ही हातांनीच घ्यावं लागतं.

"घ्या, व्याही."

 सातुर्निनोने तुकड्याकडे पाहिलं, मग ग्रोवरकडे. व्याही म्हणाल्या होत्या. आता एक वाक्य बोललं तर तो शब्द परत जाणार होता, आणि ते वाक्य त्याच्या जिभेवर तयार उभं होतं. फार चांगलं वाक्य होतं. ढोलवाल्याचं होतं.

त्याने दोन्ही हात पुढे केले, तुकडा घेतला आणि तोंडात टाकला.

"लग्न केव्हा धरायचं?" कासियानोने विचारलं.

"हूं," सातुर्निनो म्हणाला. डोळे पुन्हा भरून आले.

लिंबाचं दुसरं अर्धं ताटलीत पडलं होतं. त्याचा हात हळूच तिकडे सरकू लागला. फिलोमेनाने विहिणीकडे पाहत, हसत, ते उचललं आणि सालासकट खाऊन टाकलं.