मारुतरावांना पिक्चर कसा वाटला

“हरलास तर गळ्यात दावं घालून बकऱ्यांच्या बाजारात उभा ऱ्हाशील?” धुरपदाबाईंनी विचारलं.

“ऱ्हातो की,” पंक्चरवाला नवनाथ म्हणाला. “आन् तुम्ही हरलात तर, काकू?”

“तर भर बाजारात आमच्या मालकांचं, तुझ्या आप्पांचं, नाव घेते. चांगला लांबलचक उखाणा.”

यवतच्या त्या गल्लीला आणखी काय हवं होतं? नवनाथच्या दुकानापुढे टायरांवर बसलेल्या सगळ्यांनी पैजेला साक्ष दिली. पैज अशी, की रामायणावरचा तो नवा पिक्चर बघून धुरपदाबाईंचे मालक, मारुतराव, ‘चांगला हाय’ म्हणतील. नवनाथ म्हणत होता, म्हणणारच. शिरूरची माणसं दोन-दोनदा बघून आली होती, टॉकीजात चपला काढून बसत होती म्हणे. धुरपदाबाई म्हणत होत्या, ब्रह्मदेव खाली उतरला तरी नाही.

कारण मारुतराव म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचे दलाल. उभी हयात बाजारात गेलेली. जनावर कितीही नामी असो, त्याला तोंडानं चांगलं म्हणायचं नाही. म्हटलं की धनी भाव वाढवून बसतो. दात बघायचे, पाठ चाचपायची आणि नाक मुरडायचं. धंद्याची ही रीत गड्यानं घरातही आणली. लेकीला नामांकित स्थळ आलं, तर ‘बरं हाय’. घराला स्लॅब पडला, तर ‘पडला एकदाचा’. बायकोच्या हातचं कधी नावाजलं नाही. ताट मात्र चाटूनपुसून ठेवलं.

धुरपदाबाई हे सगळं लोकांना हसत हसत सांगायच्या. पण पैज लावून घरात आल्या, गॅसपुढे उभ्या राहिल्या आणि हसू उतरलं. समजा, खरंच म्हणाले चांगला? आपण जन्मभर ज्याची वाट बघितली, ते एका दुपारच्या पिक्चरला फुकटात मिळायचं. आणि तेही साऱ्या गल्लीच्या साक्षीनं.

दुसऱ्या दिवशी तिघं दुपारच्या खेळाला दौंडला गेले. नवनाथ मधे बसला, इकडे आप्पा, तिकडे काकू. पडद्यावर अयोध्या दिसली, न दिसली तोच मारुतराव सुरू झाले.

“घोडं खोटं हाय. टाप आपटतंय, पर धूळ उडंना.”

“आप्पा, ते कंप्युटरचं घोडं हाय.”

“मग कंप्युटरला वैरण घाला म्हणावं. बरगड्या दिसत्यात.”

मागच्या रांगेतून कुणीतरी शुक केलं. धुरपदाबाई पदराआड हसल्या. निम्मी पैज इथंच जिंकली होती.

मग समुद्र आला. नुसता आला नाही, भिंत फोडून पाणी आत घुसावं तसा आला. नवनाथनं दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. आभाळाएवढ्या लाटा, आणि त्या लाटांना न भिता डोक्यावर धोंडे घेऊन निघालेली वानरं; बघेल तिकडं वानरंच. धुरपदाबाईंचे हात कधी जुळले, त्यांचं त्यांना कळलं नाही. मारुतरावांना त्या वानरांत एकही खोड सापडली नाही.

शेवटी सीतामाई आगीपुढे उभी राहिली. सैन्य गप्प. रामराया गप्प. नुसती आग बोलत होती. तिच्या उजेडानं टॉकीजातली सगळी तोंडं तांबडी झाली आणि एवढ्या माणसांत साधी वेफरची पिशवी वाजेना. धुरपदाबाईंनी वाकून मालकांकडे पाहिलं. मारुतरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर घेतली होती आणि ती दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

बाहेर चहाच्या गाड्यावर नवनाथनं घाई केली. “बोला आप्पा, कसा वाटला?”

मारुतरावांनी चहा बशीत ओतला. तो निवला तरी प्यायले नाहीत.

“त्याला ठावं हुतं,” ते म्हणाले.

“कुणाला?”

“रामाला. ती कशी हाय, ते. देवच त्यो, त्याला ठावं नसंल व्हय? तरी समद्यांम्होरं बोलला न्हाई.”

“ते ऱ्हाऊ द्या. पिच्चर चांगला का वाईट?”

“एवढ्या मोठ्याला म्या कोण नाव ठेवणार,” मारुतराव म्हणाले. मग घर येईस्तोवर एसटीच्या खिडकीबाहेर बघत बसले.

नवनाथ हरला. धुरपदाबाई जिंकल्या, पण त्या जिंकण्याला चव नव्हती.

बाजाराच्या दिवशी नवनाथ गळ्यात दावं घालून टेम्पोला बांधून घेतलेला, बोकडांच्या रांगेत उभा. पठ्ठ्या हरला तरी रुबाबात. मधूनच बें बें करत होता. पोरीबाळी फोटो काढत होत्या. गल्लीतल्या बायकांबरोबर धुरपदाबाईही आल्या होत्या.

“आप्पा, ह्या बोकडाचं काय घेनार?” एका व्यापाऱ्यानं मारुतरावांचा हात धरला आणि वर उपरणं टाकलं. त्या बाजारात भाव असाच ठरतो, कापडाखाली बोटं दाबून. बोलायचं काही नाही.

मारुतरावांनी नवनाथचा जबडा उघडून पाहिला. “तंबाखूनं दात गेल्यात,” ते म्हणाले. माणसं खिदळली.

मग त्यांनी कापडाखालचा हात बाहेर काढला. उपरण्याची नीट घडी घालून ते व्यापाऱ्याला परत दिलं. टोपी सारखी केली.

“माणसं जमल्याती तंवर सांगून टाकतो,” ते बकऱ्यांकडे बघत म्हणाले. “आमच्या घरचीनं जल्मभर रांधून घातलं. चांगलं घातलं. बाई बी चांगली हाय. मला पैल्यापासनं ठावं हुतं.”

कुठंतरी एक करडू ओरडलं.

“आप्पा, तेवढं पिच्चरला बी म्हना, म्हंजी म्या सुटतो,” नवनाथ म्हणाला.

“तू उभा ऱ्हा.”

धुरपदाबाई गर्दीतून पुढे आल्या. नवनाथला वाटलं, काकूंना दया आली, सोडतायत. त्यांनी दाव्याला हात घातला, पण गाठ सोडली नाही. दावं नुसतं धरलं, आधाराला. अंगाचा सगळा भार त्यावर टाकून त्या खाली मान घालून उभ्या राहिल्या.

दाव्याला ओढ बसली, गळा करकचला. पण नवनाथ हलला नाही.