बॉयलर आणि अकरा जोड्या

शांतलिंगशेठचा बॉयलर येडशीच्या टेसनावर उतरला तेव्हा तो बघायला आसपासची गावं लोटली होती. लढाईच्या दिवसांत नवं यंत्र कुठं मिळत नव्हतं, म्हणून शेठनं एका बंद पडलेल्या गिरणीचा जुना बॉयलर मिळवला होता. कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आत तो धाराशिवला त्यांच्या सरकी काढायच्या जिनात पोचवायचा होता. वाटेत चढ होता, आणि तो चढ नुसत्या कडब्याच्या गाडीलाही घाम फोडायचा.

या कामावर शेठनं शिवप्पाला मुकादम केलं. शिवप्पा तिशीतला गडी. आजवर वखारीत बाकीच्यांबरोबर गठाणी वाहिलेला. माणसं हाताखाली यायची ही पहिलीच वेळ. नव्या पटक्याला त्यानं कडक खळ घालून घेतली होती, आणि आवाजही तसाच कडक ठेवायचा असं मनाशी ठरवलं होतं. मुकादमाला लोक भ्याले नाहीत तर काम होत नाही, असं त्याला वाटे.

सागाच्या तुळयांच्या बुटक्या गाड्यावर बॉयलर चढला. पुढं लांब साखळी आणि तिला बैलांच्या अकरा जोड्या. सपाटीला गाडा बरा चालला. चढाच्या तोंडाशी मात्र जो रुतला तो हलेना. कुठली जोडी आधी ओढी, कुठली मागून. शिवप्पानं आरडून घसा बसवला. शेठचा माणूस घोड्यावरून बघत होता, त्यामुळं त्याचं डोकं आणखीच तापलं. कुणावर तरी खापर फोडायला हवं होतं. बाकीच्यांचे खिल्लारी बैल हत्तीसारखे. एकट्या दगडोबाची जोडी लाल, ठेंगणी. दगडोबा वयानं साठीच्या पुढचा.

"ए म्हाताऱ्या," शिवप्पा सगळ्यांदेखत म्हणाला, "सोड तुझी शेरडं आणि जा घरी."

दगडोबानं वर पाहिलंही नाही. त्यानं जू उतरवलं, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि जोडी घेऊन तो निघून गेला. कुणी चकार शब्द काढला नाही. शिवप्पाला वाटलं, वचक बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं सांगितलं तेवढंच करू लागली. ओढ म्हटलं की ओढायची, थांब म्हटलं की थांबायची. ना कुणी हसलं, ना कुणी आपणहून हात लावला. गाडा थोडा वर सरकला आणि साखळी तुटली. गाडा मागं घरंगळला. हणमंतप्पा नावाच्या गाडीवानानं धावत जाऊन चाकामागं धोंडा लोटला म्हणून बरं. त्याचा पाय बोटभर अंतरानं वाचला.

तुटलेली कडी शिवप्पानं हातात घेतली. ती एका बाजूनं झिजून पार पातळ झाली होती.

"हे कुणालाच दिसलं न्हाय?" त्यानं विचारलं.

"समद्यास्नी दिसलं होतं," धाप टाकत हणमंतप्पा म्हणाला. "पर काल तुम्ही म्हाताऱ्याला सगळ्यांदेखत हाकललंत. मग आमी कशाला तोंड उघडावं?"

आज एखाद्या घरचा कर्ता माणूस गेला असता, तो साखळीनं नव्हे, आपल्या जिभेनं गेला असता, हे शिवप्पाला लख्ख कळलं. कडी सांधायला त्यानं लोहाराकडं माणूस पाठवला आणि स्वतः भर उन्हात दगडोबाचं गाव गाठलं.

अंगणात दगडोबाची बायको धुरपदाबाई तूर पाखडत होती. तिनं तांब्याभर पाणी दिलं. बस मात्र म्हणाली नाही. शिवप्पानं पटका काढून हातात घेतला. सकाळचं सगळं सांगून तो दगडोबाला म्हणाला, "आबा, चुकलो. तुम्ही चला."

दगडोबा बैलांना वैरण टाकत होता. "माफी हितं मागून काय उपेग?" तो म्हणाला. "जितं बोललास, तितं बोल."

दोघं जोडी घेऊन परतले तेव्हा सगळे गाडीवान भाकरीची फडकी सोडून बसले होते. शिवप्पा त्यांच्यासमोर उभा राहिला आणि एक शब्द न गाळता आपली चूक बोलला. मग तोही त्यांच्यातच मांडी घालून बसला, आणि हा चढ कसा चढायचा ते तुम्हीच सांगा म्हणाला. एकानं रस्त्यावर मुरूम टाकायचं काढलं, दुसऱ्यानं भारी जोड्या गाड्याजवळ घ्यायचं. मग सगळेच एकदम बोलू लागले. सगळ्यात पुढं दगडोबाचीच जोडी हवी, यावर एकमत झालं. ती बुजत नाही, आणि पुढची जोडी ठाम राहिली की मागच्या तिच्या पावलावर पाऊल टाकतात. हाळीही दगडोबानंच द्यायची. राहता राहिली चाकामागची जागा, धोंडा सरकवत चालायची. तिथं जायला कुणी पुढं होईना.

"तितं म्या," शिवप्पा म्हणाला.

कडी सांधून आली. दगडोबानं हाळी दिली, लांब आणि खालच्या पट्टीतली. अकरा जोड्यांनी एकदम खांदे दिले. साखळी ताठ झाली, तुळया करकरल्या आणि गाडा हलला. चाक हातभर पुढं गेलं की शिवप्पा धोंडा सरकवी. त्याच्या पाठीवर माती उडत होती, बोटं सोलवटली होती. हणमंतप्पा वरून ओरडून त्याला सांगत होता, डावीकडं खड्डा आहे, जपून. सकाळी मुकी असलेली माणसं आता एकमेकांच्या बैलांना नावानं पुकारत होती. शेवटच्या वळणावर गाडा अडला, तेव्हा बघायला आलेल्या लोकांनीही साखळीला हात घातले, आणि एका दमात बॉयलर माथ्यावर गेला.

माथ्यावर कुणीतरी हसलं आणि हसण्याचा लोंढाच आला. शिवप्पा रस्त्यातच आडवा पडून हसत होता.

धाराशिवच्या वेशीवर शेठ हलगीवाले घेऊन उभे होते. त्यांनी मुकादमाची पाठ थोपटली. शिवप्पानं एकेका गाडीवानाला पुढं बोलावून त्याचं नाव, गाव आणि त्यानं काय केलं ते शेठना सांगितलं. शेठना अकराही जणांना हात जोडावे लागले. तेवढ्यात हणमंतप्पानं आणि दोघांनी शिवप्पाला उचलून बॉयलरवर चढवलं. अंगभर माती, डोकं उघडं. त्यानं वरून हात पुढं करत दगडोबाला हाक मारली, आबा, तुम्ही पण वर या.

"मग बैलं कोन हाकंल?" दगडोबा म्हणाला. "बस गुमान, मुकादम."

हलग्या कडाडल्या. ठेंगणी लाल जोडी माना डोलावत पुढं निघाली, आणि तिच्यामागून सगळा तांडा भरल्या बाजारपेठेत शिरला.