दोनदा सांगणारी बाई

"गाडी सहा नंबरच्या फलाटावर लागत आहे," असं माइकवर सांगताना तिची नजर काचेबाहेर गेली आणि पुढचे शब्द ओठांवरच राहिले. समोरच्या बाकावर, शाळेच्या गणवेशात, तिची लेक डोळे मिटून बसली होती. भर दुपारी.

बसस्थानकावर घोषणा करणाऱ्या या बाईचा आवाज उंच छताखाली असा तरंगत राही, की घाईतली माणसंही सावकाश चालू लागत. घरी मात्र त्याच आवाजाला धार चढे. पुस्तक उघडलं की लेकीला अक्षरं एकमेकांत मिसळलेली दिसत. ती "परत सांग ना" म्हणे आणि आईचा पारा चढे. काल तर आईने पुस्तकच भिरकावलं होतं. "एकदा सांगितलेलं डोक्यात शिरत नाही तुझ्या!"

आताही ती तणतणतच बाहेर आली. "इथे काय करतेयस?"

"ऐकतेय." लेकीने डोळे उघडले नाहीत. "शाळेत नाही जायचं मला. कधीच."

तिने हे इतक्या शांतपणे सांगितलं, की आई तिच्या शेजारी बाकावर टेकली.

"बाई, कुठला फलाट म्हणालात मघाशी?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"सहा, आजोबा. सहा नंबर," तिच्या तोंडून गोड निघालं.

"बघ," लेक म्हणाली. "इथे सगळ्यांना दोनदा सांगतेस. चिडत नाहीस." मग सकाळपासून ऐकलेल्या गाड्या तिने थांब्यांसकट म्हणून दाखवल्या. कुठेही अडखळली नाही.

आईला स्वतःची लाज वाटली. ती लेकीला आपल्या काचेच्या खोलीत घेऊन गेली, स्टुलावर बसवलं आणि दप्तरातून भूगोलाचं पुस्तक काढलं. "उद्या मी येते शाळेत. सांगते तुझ्या शिक्षकांना, हिला ऐकलं की समजतं."

दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ती धडा वाचू लागली. नदी डोंगरातून निघाली, वळणं घेत सपाटीला लागली, समुद्राजवळ पोचताना रुंद आणि संथ झाली. बाहेरचा गलबला का थांबला म्हणून तिने मान वर केली. माइक चालूच होता. माणसं सामान हातात धरून छताकडे बघत उभी होती.

तिने जीभ चावली आणि बटण बंद केलं.

"पुन्हा एकदा," ती म्हणाली, या खेपेला एकट्या लेकीसाठी. नदी परत डोंगरातून निघाली. लेकीचे ओठ हलू लागले, आईच्या एक शब्द पुढे.