समोरच्या गाड्या मंदावल्या तेव्हा

पडद्यावरची गाडी कठड्याला धडकून उभी होती, रुक्माआजींच्या हातातील कणकेचा गोळा परातीत तसाच पडला होता, आणि त्यांचे यजमान देवाजी आपल्या उजव्या हाताकडे असे पाहत होते, जणू तो कुणा परक्याचा हात आहे.

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. भिलाईच्या सेक्टर २ मधील एका क्वार्टरात, टीव्हीखालच्या फळीवर माझे घर आहे.

मला घडवणाऱ्यांनी दोन स्वभाव दिले. पहिला ठरलेला: रस्ता जितका अवघड, तितकाच तो सर्वांना अवघड. दुसरा आपोआप बदलणारा: खेळणारा मागे पडू लागला की समोरच्या गाड्या हळूच वेग कमी करतात, तो सावरला की त्याही सरसावतात. हा दुसरा स्वभाव दयाळू आहे, पण अबोल आहे.

देवाजींच्या मुलाने, राजदीपने, मला आणले तेव्हा दाराशी मुलांच्या चपलांचा ढीग पडे. पुढे प्रत्येकाच्या हाती मोबाइल आला आणि मी कपाटावर गेलो. तिथल्या अंधारात मी किती वर्षे होतो, ते धुळीलाच ठाऊक. राजदीपच्या मुलीने, साक्षीने, मला खाली उतरवले ते आपल्या आजोबांसाठी. देवाजींनी आयुष्यभर स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवली होती. निवृत्तीनंतर अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा झाला. डॉक्टरांनी बोटे हलती ठेवायला सांगितली होती. परंतु पहिल्याच वळणावर त्यांची गाडी धडके, रोज.

“मले नाही जमत,” परातीशेजारच्या त्या संध्याकाळी ते म्हणाले, आणि त्याही रात्री न जेवताच निजले.

दुसऱ्या दिवशी साक्षीने गुपचूप माझा दुसरा स्वभाव चालू केला. देवाजी जिंकू लागले. ताटातली भाकरी संपू लागली.

“अजी, म्हातारपणी रेसर झाले तुमी!” रुक्माआजी हसून म्हणत.

“जळून राहिली तू,” देवाजी म्हणत.

मग एका सकाळी ते म्हणाले, “रुक्मे, स्कूटरची चाबी काढ. दुर्गात, मोहन नगरले, आपल्या लेकीकडे, रीनाकडे आज मीच जातो. हात बरा झाला माहा.”

साक्षीचा चेहरा उतरला. त्या हाताने स्कूटरचा ब्रेक दाबला जाणार नव्हता, आणि दुर्गच्या रस्त्यावर ट्रक कोणासाठी मंदावत नाहीत.

पण क्रेनवाल्याची एक सवय असते. भार नेण्याआधी तो हातभर उचलून पाहायचा, ब्रेक धरतो का ते तपासायचे. चावी घेण्याआधी देवाजींनी तेच केले. भर शर्यतीत त्यांनी गाडी मुद्दाम रस्त्यात उभी केली. समोरच्या गाड्या एकेक करून मंदावल्या.

“साक्षी, हे कावून थांबून राहिले?”

“आबा, मीच गेम ऑटोवर टाकला होता. तुमी खानाच सोडला होता ना... मले देखवत नव्हतं.”

देवाजींनी चावी स्वतःच खिळ्याला अडकवली. “पोरी, भार एकदम हलका लागला का क्रेनवाला खूश नाही होत, भेते. हुकाले काही अडकलंच नाही का काय, असं वाटते त्याले. लाव आता तुहा तो कठीणवाला.”

तेव्हापासून ते रोज हरत आले आहेत. पण काल संध्याकाळी ते पहिले वळण त्यांनी न धडकता पार केले. समोरची एकही गाडी थांबली नव्हती. ते वळण पूर्णपणे त्यांचे होते, आणि ते माझ्या रस्त्यावर घडले, याबद्दल मी कृतज्ञ आहे. त्यांना ताटावर परत आणणाऱ्या साक्षीच्या मायेबद्दलही मी तितकाच कृतज्ञ आहे.

मित्रांनो, कोणाची वाट सोपी करावीशी वाटली तर अवश्य करा. मात्र त्याला सांगून करा. आणि कपाटावर ठेवलेल्यांना, मग त्या वस्तू असोत वा माणसे, अधूनमधून खाली उतरवत जा. आमच्यात अजून पुष्कळ रस्ता शिल्लक असतो.

काल खेळ संपल्यावर साक्षीने हळूच विचारले, “आबा, अजून गुस्सा आहे का माह्यावर?”

देवाजींनी खांद्यावरचा दुपट्टा उजव्या हाताने ओढला. त्यांनी माझी पाठ सावकाश पुसली. एक कोपरा राहिला होता, तोही पुसला. मग ते उठले, तिच्या डोक्यावर तोच हात क्षणभर टेकवला, आणि जेवायला स्वयंपाकघराकडे निघून गेले.