डावीकडचा ब्रेक

“म्हंजे हितं दांडी वढली की तिकडं पंखाची फळी हलतीया, व्हय?” भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून अण्णांनी तो तसाच हातात धरला होता.

“जुन्या विमानांत तसंच होतं, अण्णा,” अंकिता म्हणाली. “दांडीपासून पंखापर्यंत पोलादी तारा, स्कूटरच्या ब्रेकला असते तशा. आम्ही ज्या छोट्या जेटवर काम करतो ना, त्यात ती तार नाहीच. पायलटनं दांडी हलवली की विजेचा संदेश कॉम्प्युटरकडं जातो. कॉम्प्युटर बघतो, वेग किती, नाक किती वर आहे. मग तो सांगतो आणि फळी हलते.”

चमचा ही दांडी आणि ताट हे विमान, असं तिचं चाललं होतं. ताट चारुशीलाचं, चमचाही तिचाच, आणि गार होत चाललेली आमटीही तिनंच केलेली. पण तिच्याकडं बघायला कुणाला सवड होती? वर्षातनं एकदा बेंगळुरूहून यायचं, म्हाताऱ्या बापाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि परतीची गाडी पकडायची. गोळ्या, पथ्य, पायांची नखं, दवाखान्यातली रांग हे सगळं थोरलीच्या वाट्याला. चारुशीलाच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. धाकट्या बहिणीवर जळावं हे काही बरं नव्हे, हे तिला कळत होतं. पण जळत होतं ते जळतच होतं.

“आन् पायलटनं लयच वढली तर?”

“कॉम्प्युटर ओढू देत नाही. विमानाला झेपेल तेवढंच ऐकतो, पुढचं सोडून देतो.”

“मग हाताला काय कळणार? मला घाटात गाडी तळपायातनं कळायची.”

“म्हणून दांडीत स्प्रिंग बसवतात. हाताला जोर लागल्यासारखा वाटतो.”

“एखादा कॉम्प्युटर येडा झाला म्हंजे?”

“एकच नसतो. सगळे एकमेकांवर नजर ठेवतात. चुकला त्याला बाकीचे बाजूला काढतात.”

अण्णांनी हातातला तुकडा आमटीत फिरवला. मग हळूच म्हणाले, “पायलटला ठावं असतंय का, आपल्याला कुनीतरी सावरतंय म्हणून?”

“असतं की! ते तर त्याला आधी शिकवतात.”

“लय हुशार पोरगी माझी,” अण्णा म्हणाले आणि तुकडा तोंडात घातला. चारुशीलानं भाताची वाढणी पातेल्यात जरा जोरातच आपटली.

अण्णांची सगळी नोकरी कराडहून कोयनानगरच्या वळणांवर एसटी चालवण्यात गेली होती. मधुमेहानं तळपायांची जाणीव गेली आणि डॉक्टरांनी स्टिअरिंग बंद करायला सांगितलं, तेव्हापासून हा बडबड्या माणूस खिडकीशी मुका होऊन बसला. चारुशीला सांगलीत बायकांना गाडी शिकवते. शिकवायच्या गाडीत डावीकडंही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. गेल्या दिवाळीपासून दर रविवारी ती अण्णांना ओस पडलेल्या मार्केट यार्डात नेऊन उजवीकडं बसवायची, पहिल्या गिअरवर गाडी हळूहळू सरकू द्यायची, आणि डावीकडं बसून क्लचही आपणच सोडायची, ब्रेकही आपणच दाबायची. अण्णांना वाटायचं, आपणच चालवतोय. रविवारी दिवसभर ते बोलत असायचे. ही गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नव्हती. आज मात्र सांगून टाकावीशी वाटत होती, आणि तीही अंकिताच्या तोंडावर.

आज रविवारच होता; दुपारी तिघं यार्डात गेली. गाळ्यांची शटरं खाली होती, हळदीचा वास मात्र तसाच कोंदून राहिला होता. मागच्या सीटवर अंकिता मोबाईल धरून शूटिंग करत होती.

“वा अण्णा! काय सफाई आहे हो! पाय अजून तसाच आहे तुमचा!”

“मग! डायवरचा पाय हाय ह्यो.”

चारुशीलानं वळणावर ब्रेक दाबला, सोडला. कौतुक मात्र दुसऱ्याच पायाचं. एक वाक्य बोललं असतं तरी पुरे होतं. तोंडाशी आलेलं ते वाक्य तिनं गिळलं आणि त्याहून वाईट काम केलं. पुढं गाळ्यासमोर रिकामी ट्रॉली उभी होती. चारुशीलानं ब्रेकवरचा पाय उचलून घेतला. लागू दे, म्हणाली मनात. बंपर चेपला तर चेपला. कळू दे हुशार पोरीला, ही गाडी कुणाच्या जिवावर चालते ते.

ट्रॉली जवळ आली. अण्णांचे हात स्टिअरिंगवर अगदी शांत होते. आणखी जवळ आली. मग तिलाच राहवलं नाही. तिनं पाय दाणकन दाबला. गाडी गचका देऊन बंद पडली, ट्रॉलीपासून वीतभर अंतरावर.

“बापरे! कसला ब्रेक मारलात, अण्णा!” मागून अंकिता ओरडली.

अण्णांनी ट्रॉलीकडं पाहिलंच नाही. चारुशीलाकडं मान वळवून ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “आज उशीर झाला गं तुला.”

तिची नजर खाली गेली. शिकवताना नजर कायम रस्त्यावर ठेवायची सवय, त्यामुळं इतक्या रविवारांत तिनं कधी तिकडं पाहिलंच नव्हतं. अण्णांच्या चपला बाजूला काढलेल्या होत्या. दोन्ही पाय पॅडलपासून लांब, मॅटवर एकमेकांशेजारी ठेवलेले होते, देवळात बसल्यासारखे.

“कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?” तिनं विचारलं.

“पयल्या दिसापास्नं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलायचं काय त्यात? तू हायस म्हणून तर बसतो.”

“काय झालं, ताई?” अंकितानं विचारलं.

“काय न्हाई,” अण्णाच मोठ्यानं म्हणाले. “बंद पडली गाडी. तू काढ तुझं शूटिंग.”

त्यांनी समोर बघत दोन्ही हात पुन्हा नीट स्टिअरिंगवर ठेवले आणि थांबून राहिले. चारुशीलानं ओढणीनं डोळे टिपले. मग तिनं आपले पाय डावीकडच्या क्लचवर आणि ब्रेकवर ठेवले.

तेव्हा कुठं अण्णांनी चावी फिरवली.