बारावी भिंत

डोंगराची दरड कोसळली तर खालच्या कोणत्या भिंती टिकतील, हे धाकटीला कॉम्प्युटरवर काढून द्यायचं होतं. चढाची उंची, मातीत मुरलेलं पाणी, धोंड्यांचं वजन, सगळं तिने घातलं होतं. भिंती एकूण बारा. प्रत्येकीला ड्रिलने भोक पाडून आत काय भरलंय ते पाहायचं आणि मगच आकडा घालायचा, असा ऑफिसचा नियम. आणि नियमाच्या बाबतीत धाकटी म्हणजे सासूच्या वरताण. घरमालकांनी शिव्या घातल्या तरी तिने भोकं पाडली होती.

शाळेमागची बारावी भिंत तिच्या दादाने बांधलेली. तो गवंडी. वस्तीत त्याला पक्के मिस्त्री म्हणत, आणि ते नाव त्याच्यापेक्षा तीच जास्त मिरवायची. दुपारी तो तिचा घरी राहिलेला डबा घेऊन ऑफिसात आला, तेव्हा तिने हौसेने खुर्ची ओढून दिली.

"बघ तुझी करामत."

पडद्यावर डोंगर सुटला. तपकिरी लोंढा एक दुकान आणि दोन घरं गिळत खाली आला, शाळेच्या भिंतीला धडकला आणि थांबला. भिंत ढिम्म हलली नाही.

"चार वाजता अहवाल जातोय. शाळा सुरक्षित!"

दादा हसला नाही. त्याने उगाच चष्मा पुसला.

"भोक पाडलंस?"

"कुठे?"

"माझ्या भिंतीला."

"तुझ्या भिंतीला कशाला पाडू? अख्खी दगडी धरलीय मी."

"चुकलं तुझं," तो हळूच म्हणाला. "दोन्ही अंगांना दगड आहेत, मध्ये नुसता राडारोडा. शाळा उघडायची घाई होती गं. म्हटलं, पुढच्या वर्षी उकलून नीट करू. मग सगळे कौतुक करायला लागले, आणि माझी जीभच उचलेना."

धाकटीला राग आला, खूप आला. पण त्यातला निम्मा स्वतःवरचाच होता. अकरा परक्या भिंतींवर तिने संशय घेतला, आणि जिच्या आडोशाला दीडशे मुलं बसतात तीच मायेपोटी सोडून दिली. दिव्याखाली अंधार तो हाच. तिने आकडा बदलला. या वेळी भिंत मधोमध फुगली, फुटली, आणि तिसरीचा वर्ग दिसेनासा झाला.

डबा तसाच राहिला.

"फेरतपासणीत आढळलं असं लिहिते," शेवटी ती म्हणाली. "अहवाल आज थांबवते, उद्या ड्रिल घेऊन जाते. तुझं नाव कुठे यायचं नाही, दादा."

"आणि आज?"

"आज काय?"

"चार दिवस पाऊस उघडला नाहीये. पोरं आत्ताही तिथेच बसलीत ना?"

त्याने टेबलावरचा फोन ओढला. मुख्याध्यापक बाईंचा नंबर त्याला तोंडपाठ होता. शाळेचं काही फुटलं-गळलं की तोच बघायचा.

"बाई, मागचे वर्ग आत्ताच्या आत्ता रिकामे करा. कॉम्प्युटरवर बघितलंय, डोंगर आला तर ती भिंत टिकायची नाही."

पलीकडचं हसणं धाकटीलाही ऐकू आलं. "अहो मिस्त्री, कॉम्प्युटरवाले काहीही सांगतील. भिंत कोणाच्या हातची आहे ते आम्हाला माहीत आहे."

दादाने डोळे मिटून घेतले.

"म्हणूनच मी फोन केला, बाई. मी फसवलंय तुम्हाला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग फोनमधून अवेळीच शाळेची घंटा ऐकू आली.