निरर्थक पुनरुच्चार

राजनंदिनी नऊ वर्षांची, स्वमग्न. ऐकलेली वाक्ये ती जशीच्या तशी पुन्हा म्हणते. स्वतःचे वाक्य क्वचितच. दिवाळीनंतर ती मनगट चावू लागली. पारनेरमधल्या तिच्या शाळेने पत्र दिले: वर्तन आटोक्यात आले नाही, तर मुलीला घरी ठेवावे. ते पत्र घेऊन तिची आई शुभांगी माझ्या दवाखान्यात आली.

"डॉक्टर, गोळी वाढवून द्या. सर म्हणत्यात, आजारच हाय तिचा, वाढणारच."

आजाराचे नाव एकदा कळले की कारण शोधायची गरज कोणालाच वाटत नाही. मागच्या खेपेस तिला चावण्याच्या नोंदींची वही ठेवायला सांगितले होते; ती मी मागून घेतली. सतरा नोंदी. 'चावण्याआधी काय घडले' या रकान्यात सतरा वेळा 'काही नाही'. त्यापुढे बारीक अक्षरात: 'गाडीची चावी घेतली', 'दुकानाला कुलूप लावलं'. चौदा ठिकाणी चावी किंवा कुलूप. सतरा ही संख्या लहान आहे. योगायोगाची शक्यता मी नाकारली नाही.

औषधांचे कपाट बंद करून मी सवयीने किल्ली फिरवली. राजनंदिनी उठली, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि सपाट सुरात म्हणाली, "लावू का कुलूप? आता रड किती रडायचं ते." मग मनगट तोंडात.

मी कपाट उघडून ठेवले. "घरी असं कोण बोलतं?"

"कुनी न्हाई," शुभांगी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

मी शाळेचे मुख्याध्यापक गहिनीनाथ सरांना फोन लावून ते वाक्य ऐकवले.

"अहो, ती टीव्हीवरच्या जाहिरातीपण म्हणते," ते हसले.

"शाळेत कुलूपबंद खोली आहे?"

"अडगळीची आहे. फार आरडाओरडा केला की शांत बसवतात तिथं. तिला काय कळतंय? आणि तुम्हीच अहवालात लिहिलंय की." कागद उलटल्याचा आवाज आला. "'निरर्थक पुनरुच्चार.' सही तुमचीच."

सही माझीच होती. मार्चमध्ये दहा मिनिटांच्या तपासणीत मी ती केली होती; कोणते वाक्य, कोणाचे, हे विचारले नव्हते.

मी अहवालातले 'निरर्थक' खोडले आणि तिचे वाक्य अवतरणचिन्हांत लिहिले. बाल कल्याण समितीसाठी तक्रारही लिहिली. गोळी वाढवली नाही.

"मग उद्या शाळेत?" शुभांगीने विचारले.

"चौकशी होईपर्यंत पाठवू नका."

तिने पत्राची घडी उलगडून शेवटची ओळ पुन्हा वाचली. "म्हंजे घरीच ठेवायची. त्यांनी तरी दुसरं काय लिवलंय?"